पायाच्या मापाची पन्नास वर्षे

संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाचा मागोवा : ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाटेवरून

स्थापना

१ मे १९७४. महाराष्ट्र राज्याला चौदा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी ‘लेदर इंडस्ट्रीज डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ऑफ महाराष्ट्र’ ही राज्य शासनाची कंपनी अस्तित्वात आली. या लांबलचक नावाचे ‘लिडकॉम’ असे आटोपशीर रूप रूढ झाले. पुढे संस्थेने संत रोहिदासांचे नाव घेतले. जोडे शिवता शिवता ज्यांनी भक्तीची वाट दाखवली, त्यांचे नाव चर्मकारांच्या संस्थेला मिळाले. याहून उचित बारसे दुसरे कोणते असणार?

संस्था जन्मली तो काळ चर्मोद्योगाच्या दृष्टीने वळणाचा होता. तोवर आपल्याकडचे कच्चे आणि अर्धवट कमावलेले कातडे जहाजे भरून परदेशी जात असे. त्याचे बूट-चपला होत आणि खरी कमाई तिकडेच राही. १९७२ साली सीतारामय्या समितीने सांगितले की कातड्याची निर्यात आवरा आणि देशातच पक्का माल घडवा. पण पक्का माल घडवायचा तर कारागिराच्या हाती कच्चा माल, भांडवल, शिक्षण आणि बाजार या चारही गोष्टी हव्यात. गावच्या वेशीबाहेर बसून वर्षाच्या बलुत्यावर जोडे शिवणाऱ्या माणसाजवळ यांतले काहीच नव्हते. होते ते फक्त हातचे कसब. ही उणीव भरून काढण्यासाठी महामंडळ उभे राहिले. शेजारच्या कर्नाटकात अशाच हेतूने १९७६ मध्ये ‘लिडकार’ची स्थापना झाली.

महामंडळाच्या आधीही या कामाची पायवाट पडलेली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानात कातडे कमावण्याच्या आणि चपला घडवण्याच्या धंद्याला आश्रय दिला. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले आणि सवर्ण घरातल्या माणसाने मेलेल्या जनावराचे कातडे स्वतःच्या हाताने सोलण्यात कसलीही हीनता नाही हे करून दाखवले. तरीही समाजाचे मन बदलायला फार वेळ लागला. ज्याच्या हातची वहाण घराच्या उंबरठ्यापर्यंत यायची, त्याला स्वतःला त्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. महामंडळाचा इतिहास वाचताना हे विसरून चालणार नाही. ढोर, चांभार, होलार आणि मोची या समाजांतील कारागिरांना कर्ज मिळाले, टपरी मिळाली, प्रशिक्षण मिळाले. पण त्याहीपेक्षा आपल्या कामाला राज्य मोल देते हा दिलासा मिळाला.

या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला घेताना मी तो बायकांच्या पावलांकडे पाहून लिहायचे ठरवले. मी डोंबिवलीची. आमच्याकडच्या बाईचा दिवस सकाळच्या लोकलने सुरू होतो आणि रात्रीच्या लोकलने संपतो. मधल्या वेळात तिला सावरून धरते ती तिची चप्पल. ती चप्पल कोण घडवते, कशी घडवते, आणि ती घडवताना या बाईच्या पायाचा विचार होतो का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत महामंडळाची पन्नास वर्षे मला जास्त स्पष्ट दिसतात.

कोल्हापुरीची घडण

महामंडळाचे नाव ज्या वस्तूशी सर्वांत घट्ट जोडले गेले ती कोल्हापुरी चप्पल. कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी तिची कितीतरी रूपे.

सुरुवात कातड्यापासून होते. तळासाठी म्हशीचे जाड कातडे लागते. वेणी आणि नाजूक पट्ट्यांसाठी शेळीचे मऊ. चुन्याच्या पाण्यात ठेवून कातड्याचे केस काढतात, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. जुन्या रीतीत कातडेच पिशवीसारखे शिवून, त्यात हे पाणी भरून टांगून ठेवतात. पाणी झिरपत राहते, कातडे हळूहळू पक्के होत जाते. क्रोमच्या रसायनाने जे काम एक-दोन दिवसांत होते, त्याला इथे काही आठवडे लागतात. पण असे कातडे घाम शोषून घेते, हवा आतबाहेर जाऊ देते आणि वापरता वापरता पायाचा आकार धरते. मुंबई-ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात बंद प्लास्टिकच्या सँडलमध्ये पाय शिजतो आणि कोल्हापुरीत कोरडा राहतो, त्याचे कारण हेच.

मग रापीने तळ कापतात. कातड्याला पाणी देऊन ते ठोकून ठोकून घट्ट करतात. एकावर एक थर बसवून टाच उभी करतात. तळाच्या दोन्ही बाजूंना कान, कानांतून जाणारा आडवा पट्टा, पुढे अंगठा, वर वेणी आणि शोभेला गोंडा. हे सगळे आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. म्हणून तळ कितीही झिजला तरी पायाला काही टोचत नाही आणि शिवण उसवली तर पुन्हा घालता येते. चप्पल वर्षानुवर्षे टिकते यामागचे खरे रहस्य जाड कातड्याइतकेच या दुरुस्त होणाऱ्या शिवणीत आहे.

कारागिराच्या घरात हे काम वाटलेले असते. कापणे, ठोकणे, तळ जुळवणे हे बहुधा पुरुषांकडे. वेणी घालणे, वादीने शिवणे, गोंडे करणे हे बायकांकडे. घरची कामे उरकून ओट्यावर बसलेली बाई मांडीवर चामड्याचे पट्टे घेऊन एकसारख्या पेडाची वेणी विणते. पेड सैल पडला तर पट्टा ताणतो, फार घट्ट झाला तर पावलाच्या वरच्या भागाला घासतो. चप्पल चावणार की नाही, हे बरेचसे तिच्या बोटांच्या अंदाजावर ठरते. पण दुकानात चप्पल मिरवली जाते ती गावाच्या नावाने, आणि तिच्यावर नाव लागलेच तर ते घरच्या पुरुषाचे.

ही चप्पल बाईच्या पायाला का रुचली, याचा विचार केला की जुन्या कारागिरांच्या शहाणपणाचे नवल वाटते. जोडवी पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटात असतात. बंद बुटात ती दोन्हीकडच्या बोटांना रुततात. कोल्हापुरीची पकड मात्र अंगठ्याभोवती असते आणि बाकीची बोटे मोकळी राहतात. जोडव्यांना जागाच जागा. पुढचा भाग रुंद असल्याने बोटे पसरून टेकतात. तळ सपाट असल्याने साडीचे माप बिघडत नाही. निऱ्या खोचताना बाई पायातल्या चपलेच्या उंचीचा हिशेब करते. टाच दोन बोटे वाढली तर काठ वर जातो, कमी झाली तर पायात येतो. एकदा कोल्हापुरीच्या उंचीवर निऱ्या बसल्या की जिना चढताना काठ पायाखाली येण्याची भीती नाही.

नवी कोल्हापुरी चावते, हे खरे. म्हणून तिला तेल लावतात, सुरुवातीचे काही दिवस घरातल्या घरात थोडा थोडा वेळ घालतात. मग तळावर आधी टाचेचा, पुढे चवड्याचा आणि अखेर पाची बोटांचा ठसा उमटतो. फरम्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, घडलेला बूट फरम्याच्या आकाराचा राहतो. कोल्हापुरी चालता चालता मालकिणीची होते.

मुंबईकडची वाट

खेड्यातले जाड पायताण शहरातल्या पायात आले तेही बदलून. १९२० च्या सुमारास कोल्हापूरच्या सौदागर घराण्याने पायताणाचा तळ पातळ केला, बाजूंना नाजूक कान दिले आणि ही ‘कानवाली’ मुंबईच्या दुकानात पोचली, अशी आठवण सांगितली जाते. शेताच्या ढेकळांसाठी केलेली वहाण फरसबंदीसाठी हलकी करावी लागते, हे त्या काळातल्या कारागिरांना उमगले होते. गिऱ्हाईक कुठे चालते ते पाहून चप्पल बदलायची, हा धडा त्या कानवालीनेच घालून दिला.

आमच्या भागाचे चालणे रेल्वेने ठरवले. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. नोकरीसाठी मुंबई आणि राहण्यासाठी ठाणे, डोंबिवली, कल्याण ही विभागणी नंतरची. तिच्यामुळे ही शहरे वाढली. ठाणे महानगरपालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. याच काळात नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या इतकी वाढली की १ जुलै १९९२ पासून मध्य रेल्वेवर कल्याणसाठी खास महिलांची लोकल धावू लागली. कल्याणहून मुंबईपर्यंतचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. बसायला जागा नाही मिळाली तर हे अंतर उभ्याने काढायचे.

या प्रवासात चपलेची रोज परीक्षा होते. घरापासून रिक्षाच्या रांगेपर्यंत खड्ड्यांचा रस्ता, मग स्थानकाचा जिना, पुलावरची गर्दी, गाडीतला तासभराचा उभा प्रवास, उतरल्यावर पुन्हा जिना आणि कचेरीपर्यंतची चाल. मागून कुणाचा पाय टाचेवर पडला की चप्पल पायातून निसटते. ती फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत गेली तर बाई त्या दिवशी अनवाणीच कामावर जाते. आमच्याकडच्या बायकांना चपलेत काय हवे ते या प्रवासाने शिकवले : वजनाला हलकी, पुढून रुंद, मागून पट्ट्याने धरलेली आणि ओल्या फरशीवर न घसरणारी.

कोल्हापुरी यांतल्या दुसऱ्या कसोटीला पुरेपूर उतरते, शेवटच्या दोन्हींना नाही. तिचा कातडी तळ ओल्या फरशीवर सरकतो. मागे पट्टा नाही. आणि जून ते सप्टेंबर ती घराबाहेर काढायची सोय नाही; पाण्याने कातडे फुगते, वादी सैल पडते, आणि उन्हात वाळवायला ठेवली की तडकते. म्हणून पावसाळा आला की बायका कोल्हापुरी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवतात आणि रबरी चपलांवर चार महिने काढतात. २६ जुलै २००५ च्या पुरात रुळांवरून, गुडघाभर पाण्यातून चालत घरी पोचलेल्या बायकांना त्या रात्री चपलेची किंमत कुणी वेगळी सांगायला नको होती.

टपरीतला कारागीर

महामंडळाचे काम आमच्या शहरात सर्वांत जास्त डोळ्यांना दिसते ते गटई कामगाराच्या टपरीत. रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस अंगावर घेत बसणाऱ्या या कारागिरांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना सामाजिक न्याय विभाग महामंडळामार्फत राबवतो. जागा महापालिकेची, टपरी योजनेतली, कसब कारागिराचे. बाहेरून पाहणाऱ्याला हा पत्र्याचा एक ठोकळा दिसतो. कारागिरासाठी ते छप्पर असते, कुलूप लावून हत्यारे ठेवण्याची जागा असते, आणि ‘अमुक ठिकाणी बसतो’ असे सांगता येईल असा पत्ता असतो.

टपरीच्या आत रापी, आरी, हातोडी, लोखंडी ऐरण, मेण लावलेला दोरा, सोल्यूशनचा डबा, टाचा, बक्कले आणि सुटे अंगठे. संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळेला पायातली एक चप्पल काढून दुसऱ्या पायावर तोल सांभाळत उभी राहिलेली बाई हे इथले रोजचे दृश्य. कुठल्या सँडलचा पट्टा आधी सुटतो, कोणता चिकटवलेला तळ जुलैत उकलतो, कोणत्या टाचेचे टोक जिन्यावर आधी निघते, हे सगळे या कारागिराला ठाऊक असते. कारखान्याकडे ही खबर पोचली तर फार उशिरा पोचते. टपरीत ती त्याच संध्याकाळी येते.

आणि तो नुसती दुरुस्ती करत नाही. कोल्हापुरीला खाली रबरी तळ लावून घेण्याची रीत आमच्याकडे अशीच रुळली. चप्पल घसरत नाही आणि कातडी तळही झिजायचा वाचतो. सैल पट्ट्याला एक जादा भोक, घासणाऱ्या कडेला मऊ कातड्याचे अस्तर, निसटणाऱ्या सँडलला मागून पट्टा. आपल्या भागातल्या बाईच्या चपलेत ज्या सुधारणा हव्यात त्या एकेक जोडीवर इथे रोज होत असतात. चपलेच्या रचनेची प्रयोगशाळा म्हणावी तर ती हीच. फक्त इथल्या प्रयोगांची वही कुणी ठेवलेली नाही.

टपरीखेरीज महामंडळाने कारागिरांना भांडवल पुरवण्याचे काम सातत्याने केले. पन्नास टक्के अनुदानाची योजना, बीज भांडवल योजना, आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाच्या साहाय्याने दिली जाणारी कर्जे. त्यांतली महिला समृद्धी योजना खास बायकांसाठी. ज्या घरात वेणी घालणाऱ्या बाईच्या नावाने कधी कागद झाला नव्हता, त्या घरात तिच्या नावाने कर्जाचा अर्ज भरला जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

वाट सगळीच सोपी नव्हती. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा कातड्याचा पुरवठा घटला आणि भाव चढले. त्याची झळ लहान कारागिराला बसली. मग २०२० चा मार्च आला. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. स्थानकाबाहेर पावलेच उमटेनात तर चप्पल तुटणार कुणाची? टपऱ्यांना कुलपे लागली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरपासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलने जाण्याची मुभा मिळाली, आणि गर्दीच्या आधी टपरीपाशी परतली ती बायकांचीच पावले. या धंद्याचे पोट बायकांच्या चालण्याशी किती बांधलेले आहे, ते तेव्हा लख्ख दिसले.

मापाचा प्रश्न

चप्पल आरामाची व्हायची तर आधी माप हवे. इथे एक जुनी चूक आपल्या पायाखाली दडलेली आहे. दुकानात आपण चार, पाच, सहा नंबर मागतो ते इंग्रजी माप. त्यातला एकेक नंबर एक तृतीयांश इंचाने, म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटरने वाढतो. युरोपीय मापात हीच पायरी दोन तृतीयांश सेंटिमीटरची. दोन्हीही आपल्याला पायाची लांबी सांगतात. रुंदीबद्दल ती मुकी असतात. चवडा रुंद असलेली बाई मग एक नंबर मोठा घेते. बोटांना जागा मिळते, पण टाच सैल पडते, आणि चप्पल पायात राहावी म्हणून ती चालताना बोटे आवळून धरते. संध्याकाळी पोटऱ्या का दुखतात ते तिला कळत नाही.

चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या क्षेत्रात काम करते. या संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पावलांची त्रिमितीय यंत्राने मापे घेतली. निष्कर्ष आपल्या अनुभवाला धरूनच निघाला : भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असते. मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने होते आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी, हेही त्यात दिसले. या मापांवरून भारतासाठी ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली. इंग्रजी नंबरांच्या जागी आपल्या पायांवरून काढलेले आकडे येणार, ही चर्मकार आणि गिऱ्हाईक दोघांच्याही दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

पण बाईच्या पायाचे काम इथे संपत नाही. बाईचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नव्हे. तिची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. पुरुषाचा फरमा लहान करून त्यावर बायकांचा बूट घडवला तर पुढून चिमटतो आणि मागून निसटतो. म्हणून बायकांचा फरमा वेगळा हवा, आणि त्यावर लांबीबरोबर चवड्याचा घेर, पावलाच्या उंचवट्याचा घेर, टाचेची रुंदी, टाचेची उंची आणि पुढच्या टोकाचा उठाव ही सगळी मापे हवीत. टाच जितकी उंच, तितका अंगाचा भार चवड्यावर सरकतो. त्यामुळे उंच टाचेच्या सँडलला मधल्या कमानीत ताठ आधार लागतो. तळव्याखालची गादी मऊ हवी, पण इतकी नको की पाऊल तिच्यात रुतून डळमळेल.

जुन्या कारागिरांचे आडाखे या शास्त्राशी किती जुळतात पाहा. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या चालण्या-उभे राहण्याने पाय सुजतो. ते उभ्याने घ्यावे, कारण भार पडला की पाऊल पसरते. दोन्ही पायांचे घ्यावे, कारण दोन्ही पाय क्वचितच तंतोतंत सारखे असतात. मोठ्या पायाला धरून चप्पल करावी. बाळंतपणानंतर अनेकींचा पाय थोडा लांब-रुंद होतो, तेव्हा लग्नाच्या वेळचा नंबर आयुष्यभर धरून बसू नये. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना घट्ट अंगठ्याची चप्पल देऊ नये. घासून झालेली जखम त्यांना कळतसुद्धा नाही.

कारागीर बायकांनी एकत्र येऊन काय होते, त्याचे उदाहरण सीमेपलीकडे जवळच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्त्री कारागिरांचे बचत गट उभे राहिले आणि त्यांनी घडवलेली कोल्हापुरी ‘टोहोल्ड’ या नावाने परदेशी बाजारात गेली. वेणी घालणारे हात हिशेबाची वहीही सांभाळू शकतात, हे तिथे दिसले.

मानांकन आणि मिलान

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. महाराष्ट्राचे महामंडळ आणि कर्नाटकाचे ‘लिडकार’ या दोघांच्या नावे ते आहे. भाषेच्या सीमेवर दोन राज्ये अनेकदा समोरासमोर उभी राहिली. चपलेच्या सीमेवर ती एकत्र आली.

मानांकनाचे मोल जगाला जून २०२५ मध्ये कळले. प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधील कार्यक्रमात कोल्हापुरीसारखीच पादत्राणे दिसली, आणि सुरुवातीला चपलेच्या मूळ गावाचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून आवाज उठला, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेने पत्र लिहिले, आणि कंपनीने ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांकडून चपला घडवून घ्यायच्या आणि त्यांना प्रशिक्षण द्यायचे, असे ठरले. वेशीबाहेरच्या पायताणाचा हा प्रवास वाचताना ऊर भरून येतो.

त्याच वर्षी महामंडळाने आणखी एक पाऊल उचलले. अस्सल कोल्हापुरीवर क्यूआर कोड देण्यास सुरुवात केली. मोबाइल समोर धरला की कारागिराचे किंवा कारागीर गटाचे नाव, ठिकाण, वापरलेले कातडे आणि घडणीची रीत कळते. नकली माल ओळखण्यासाठी ही सोय उपयोगाची आहेच. पण माझ्या मते तिचे खरे मोल वेगळे आहे : चपलेवर पहिल्यांदाच घडवणाऱ्याचे नाव आले.

पुढची पावले

डोंबिवलीत श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली. त्या सकाळी आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नजर खाली वळवून पाहावे. नऊवारीच्या काठाखाली कोल्हापुरीच कोल्हापुरी. ठाण्यातही पाडव्याला हेच दृश्य. सण संपला की त्या पुन्हा माळ्यावर जातात आणि दुसऱ्या दिवशी लोकलला पायात येते ती कुठली तरी स्वस्त, चिकटवलेली, सहा महिन्यांत उकलणारी सँडल. वर्षातून दोन सकाळी कोल्हापुरी आणि बाकीचे दिवस दुसरेच काही, हे अंतर भरून काढणे हे महामंडळाच्या पुढच्या काळाचे काम आहे असे मला मनापासून वाटते.

ते अवघड नाही. हवे ते सगळे घरातच आहे. बाभूळ-हिरड्यात मुरलेले कातडे आहे, दुरुस्त होणारी शिवण आहे, वेणी घालणारे हात आहेत. आपल्या रुंद पायांची मापे आता आकड्यांत उपलब्ध आहेत. आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून काय करायचे, मागून पट्टा कुठे लावायचा, कुठली कड घासते, हे ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या टपऱ्यांतल्या कारागिरांना पाठ आहे. महामंडळाने या कारागिरांना कोल्हापूरच्या कारागिरांसमोर बसवावे. त्यांच्या हातच्या सुधारणांची वही करावी. रोज लोकलने जाणाऱ्या बायकांच्या पायांची मापे स्थानकाबाहेरच्या टपरीतच, संध्याकाळच्या वेळी, उभ्याने घ्यावीत. त्यावरून फरमे आणि तळाचे कापे ठरवावेत. रबरी तळ मागाहून चिकटवण्याऐवजी शिवणीतच धरावा. पावसाळ्यासाठी वेगळी घडण शोधावी.

आणि क्यूआर कोडमागच्या नोंदीत वेणी घालणाऱ्या बाईचे नाव असावे. तळ ठोकणाऱ्याच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

पन्नास वर्षांपूर्वी महामंडळाने कारागिराच्या हाताला भांडवल दिले. मग डोक्यावर छप्पर दिले, वस्तूला मानांकन मिळवून दिले, घडवणाऱ्याला नाव दिले. आता माप घेण्याची वेळ आहे. एका टोकाला ओट्यावर बसून वेणी विणणारी बाई, दुसऱ्या टोकाला लोकलच्या दारात दांडा धरून उभी असलेली बाई. या दोघी एकमेकींना कधी भेटत नाहीत. भेटते ती एकीच्या बोटांना दुसरीची टाच, चपलेच्या रूपाने. ती चप्पल संध्याकाळी घरी पोचून उंबऱ्यापाशी काढताना पायावर वळ उठलेला नसला, की महामंडळाचे काम पोचले असे समजावे.